नारळ, माकडटोपी आणि आमचे शेजारी

वकिलांना पक्षकारांचे किस्से सांगता येत नाहीत, म्हणून टोरोंटोच्या आमच्या ऑफिसात लंचला सगळे आपापल्या घरचे काढतात. माझ्याकडे साठा मोठा. अल्बर्टातलं चिमुकलं गाव, त्यात मराठी घर एकच, आणि त्या घरात माझे बाबा! नागपूरचे इंजिनिअर, खताच्या कारखान्यात नोकरीला.

*

बाबा भेटेल त्याला नागपूरच्या सवयीने विचारायचे, "जेवण झालं का?" अर्थात इंग्रजीत. समोरच्या आजीबाईंना वाटलं, आमंत्रणच आहे. रविवारी बाराला केक घेऊन दारात हजर! आईने घाईघाईत पिठलं टाकलं. मी बेसमेंटमध्ये जाऊन बसले.

*

नवी व्हॅन आली. उणे तीसमध्ये बाबांनी चाकांखाली लिंबं ठेवली आणि ड्राइव्हवेवर नारळ आपटला. तो फुटायचं सोडून बर्फावरून घरंगळत थेट माझ्या स्कूल बससमोर! ड्रायव्हरने उतरून अदबीने परत आणून दिला.

"डॅड, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!"

"बघू दे न. प्रसाद देऊ त्यांनाही!"

हातोडीने फोडला, आणि अख्ख्या बसमध्ये खोबरं वाटायला मलाच लावलं. मान वर करायची सोय नव्हती.

*

हा पुढचा मी लंचला सांगत नाही.

मी सहावीत होते. आइस रिंकवर बाबा माकडटोपी घालून, गुडघ्यावर बसून माझ्या स्केट्सच्या लेस बांधत होते. वर्गातली जेसिका आली. "हू इज दॅट?"

मी म्हणाले, "अवर नेबर."

बाबांनी मान वर केली नाही. लेसला दुसरी गाठ मारली, "घट्ट नाही न झाली?" विचारलं आणि बाहेर गेले. कानावर टोपी होती, ऐकलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

*

त्यानंतर बाबा आत कधी आलेच नाहीत. शाळेच्या डिबेट फायनललाही पार्किंग लॉटमध्ये थर्मास घेऊन बसले. मी जिंकलेला कप घेऊन बाहेर आले.

"आत का नाही आलात?"

"गाडीचा हीटर मस्त आहे न, बेटा."

मला चक्क बरं वाटलं होतं तेव्हा. आज त्याचीच लाज वाटते.

*

मी वकिलीची शपथ घेतली त्या दिवशी बाबा टोरोंटोला आले. हॉलच्या दाराशीच थबकले. मी हाताला धरून आत आणलं. माझ्या सीनियर बाई त्यांच्यापुढे हात करून म्हणाल्या, "अँड यू आर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी कोटाचं बटण लावलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हसून म्हणाले,

"नेबर."