‘कबूल’ म्हटल्याची शिक्षा

अन्याय झाला तो बेल्ह्याकडच्या एका मेंढपाळावर. २००४च्या उन्हाळ्यात, सोमवारी, कोर्टाची जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण निकालाच्या कागदावर अन्याय झालेला माणूस वेगळाच आहे: मेंढी ‘चोरीला गेलेला’ बागायतदार.

आमच्याकडे दुसऱ्याची मेंढी कळपात मिसळली तर हाकलत नाहीत, सांभाळतात. मालक शोधत आला की चार माणसं बसतात. “मेंढी माघारी द्यायची, कबूल?” “कबूल.” चहा होतो, विषय मिटतो. या मेंढीचा मालक, तो बागायतदार, मात्र थेट पोलिसांत गेला.

मी तेव्हा आळेफाट्याच्या स्टँडवर पत्रकं वाटायचो: ‘गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो’. मेंढपाळाच्या बायकोला मीच अर्ज करायला लावला. वकील मिळालाही. माझ्याच वयाचा, तोवर नुसती जमिनीची कामं केलेला. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्याच त्यानं विचारलं, “मेंढी तुझ्या कळपात सापडली ना?”

“व्हय की. गाभण व्हती, लई जपली.”

“बरं बरं. आत साहेब विचारतील तेवढंच बोल.”

“मंग तुमी कशाला आलाय, भाऊ?”

आजूबाजूचे हसले. वकीलही हसला. तेवढ्यात नावाचा पुकारा झाला.

आत न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?” त्यानं हात जोडून ठणठणीत सांगितलं, “कबूल!” आणि वळून बायकोकडे पाहिलं, झालं एकदाचं म्हणून. तीन महिने कैद झाली. पोलीस नेत असताना मेंढपाळ त्या पोलिसालाच समजावत होता, “आवं, मेंढी देतो म्हनलोय की मी!”

“तुम्ही थांबवलं का नाही?” मी वकिलावर ओरडलो.

“तोच कबूल म्हणाला ना राव. मग मी काय बोलणार?”

मी त्याला वाट्टेल ते बोललो. राग अजून आहे, पण आता त्याच्यावर नाही. सिनियरच्या हाताखाली तो सातबारा वाचायला शिकला होता. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ‘कबूल’ म्हणजे तुझ्या मते काय हे आधी विचारायचं, ते त्याला शिकवलं कोणी? अशिलाला घेऊन बसायला खोली तरी कुठं होती? गरिबाला वकील दिला, सरकारचं काम संपलं. आमचं पत्रकही तेवढ्यावरच थांबलं होतं, याची फार हळहळ वाटते.

मेंढपाळ सुटून आला. आता परिसरात कुणाचंही जनावर हरवलं की पोलिसांची जीप आधी त्याच्या दारात येते. मला म्हणाला, “मंग म्हनायचं काय व्हतं, भाऊ?”

हे त्याला आत जाण्याआधी कळायला हवं होतं. म्हणून तुम्ही वाचून हळहळू नका. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जा आणि विचारा: मोफत मिळालेला वकील आरोपीशी बसून बोलतो ती खोली कुठंय? त्या वकिलाला शिकवतं कोण? उत्तर आलं नाही, तर दोन्ही गोष्टी लेखी मागा आणि मिळेपर्यंत उठू नका.