कुठपर्यंत कळलं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजातून घरी आले तर अंगणात एक पांढरी गाडी उभी होती आणि बैठकीत सगळे माझीच वाट बघत बसले होते.

आमचं गाव वडीगोद्रीपासून जवळच. पाटाचं पाणी जिथं पोचत नाही त्या उतारावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि काकांची लागून लागून बरड जमीन. आजोबांच्या काळात तिथं फक्त मेंढरं चरायची. पुढं दोघा भावांनी मेंढरं विकून मधोमध सामाईक विहीर खोदली, तेव्हा कुठं थोडी तूर, थोडा कापूस येऊ लागला. आता एक सोलर कंपनी घरामागचं, त्याच विहिरीवर भिजणारं थोडं रान सोडून बाकी सगळी जमीन एकोणतीस वर्षांसाठी भाड्यानं मागत होती.

"आली बघा," काका कंपनीच्या माणसाला म्हणाले. "आमची पोरगी. अंबडला बी.ए. करून राह्यली. ती एकदा वाचते, मंग आमी सह्या करतो. बिलकुल टाइम लागायचा न्हाई."

अण्णांनी खाटेवर सरकून मला शेजारी जागा केली. पुरुषांच्या बैठकीत मी तोवर चहा द्यायलाच गेले होते.

बारावीनंतर काकांनी माझं शिक्षण थांबवायला सांगितलं होतं. तेव्हा अण्णा त्यांना एवढंच म्हणाले होते, "शिकू दे. घरात कागद वाचणारं एक माणूस पायजे." तो कागद आता माझ्या मांडीवर होता.

पहिली दोन पानं मी मोठ्यानं, ठसक्यात वाचली. नावं, गट नंबर, चतुःसीमा. दाराआड आई उभी होती, तिलाही ऐकू जावं म्हणून आवाज जरा चढवलाच. तिसऱ्या पानावर एक वाक्य सुरू झालं ते संपेचना. 'सदर मिळकतीशी संलग्न सर्व अनुषंगिक हक्क, वाटा व वहिवाटी पट्टेदारास निर्वेधपणे...' एकेक अक्षर वाचता येत होतं, पण अर्थ हाती लागत नव्हता. मी मागं जाऊन पुन्हा वाचलं. माझा आवाज आपोआप खाली आला.

"ताई, हे सगळं ठरावीक असतं," कंपनीचा माणूस पेन उघडत म्हणाला. "शेजारच्या गावात सगळ्यांनी सह्या केल्यात. आज फाईल जालन्याला गेली नाही तर साहेब उद्या दुसरी जमीन बघतील."

काका म्हणाले, "बराबर आहे ना गं?"

बराबर आहे, एवढंच म्हणायचं होतं. सगळे खूश झाले असते आणि माझं कॉलेजही सार्थकी लागलं असतं. कागदाच्या कडेला माझ्या बोटांचा डाग पडत होता.

आम्हाला अर्थशास्त्र शिकवायला एक बाई होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी वर्गात विचारलं, कळलं का, आणि मी मान हलवली. "मग सांगा," म्हणाल्या. मी उभी राहिले ती उभीच. मागची मुलं हसायला लागली. बाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कळलं नाही यात लाजायचं काही नाही. कुठपर्यंत कळलं ते सांगा, तिथून पुढं जाऊ." त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या बाई बघवत नव्हत्या.

मी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "इथपर्यंत कळलं. याच्या पुढं मला कळत न्हाई."

काकांचा चेहराच बदलला. "वाचता येत न्हाई?"

"वाचता येतं. अर्थ लागत न्हाई."

"मंग तीन वर्षं काय शिकली तू? एसटीचा पास काढून नुसती हिंडत व्हती का?"

कंपनीचा माणूस हळूच हसला. "बी.ए.वाल्यांना नाहीच कळत हे. त्यांची काय चूक?"

त्या हसण्यानं माझे कान तापले. मी म्हणाले, "एक झेरॉक्स ठेवून जा. वकिलाला दाखवतो आन् मंग सांगतो."

"सही झाल्याशिवाय कॉपी देता येत नाही."

"सही झाल्यावर वाचून काय करायचं?"

काका ताडकन उठले. "पाहुण्याशी असं बोलायला शिकवतेत का कालेजात?"

सगळे अण्णांकडं बघू लागले. ते कागदाकडं बघत होते. "आत जा," ते मला म्हणाले.

मी आत गेले. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. बाहेर पानं उलटल्याचा आवाज आला, काकांनी सह्या केल्या. मला वाटलं, अण्णाही करत असतील. शेवटी त्यांचा आवाज आला, "माझं आज राहू द्या."

गाडी गेली. अण्णा पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकांच्या घरचं येणंजाणं बंद झालं. पोरीला शिकवलं अन् दारात आलेली लक्ष्मी माघारी धाडली, असं गावात बोलायला लागले. कंपनी खरंच दुसरीकडं गेली तर? वर्गात बसायचे, पण डोक्यात तेवढंच चालायचं.

दहाएक दिवसांनी तोच माणूस झेरॉक्स घेऊन आला. आमचा तुकडा सोडून त्यांना सलग कुंपण घालता येत नव्हतं. अण्णा आणि मी अंबडला वकिलाकडं गेलो. वकील तिसऱ्या पानावर थांबले. "विहिरीकडं कुठून जाता?"

"ह्याच जमिनीतून," अण्णा म्हणाले.

"मग ती वाट कंपनीकडं गेली. विहीरही कुंपणात."

अण्णांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या ओळीपासून सगळं समजावून घेतलं. मध्येच हात वर करून म्हणायचे, "थांबा साहेब, हे न्हाई कळलं." वकील कंटाळले, अण्णा नाही.

विहीर आणि बैलगाडी जाईल एवढी वाट बाहेर ठेवायची, असं लिहून घ्यायला महिना गेला. मग अण्णांनी सही केली. काकांची जुनी वाट आता तारेच्या आत आहे. ते आमच्या बाजूनं विहिरीवर येतात. त्या दिवसाचा विषय ते काढत नाहीत, आम्हीही नाही.

मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. नोकरी लागली नाही. अंबडला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. एवढं शिकून फॉर्मच भरायचे होते तर बारावी काय वाईट होती, असं काका अजून म्हणतात. कधी कधी मलाही ते बराबर वाटतं.

मागच्या वर्षी विहिरीवर मोटार दुरुस्त करताना अण्णा अचानक म्हणाले, "त्या दिशी तू बराबर आहे म्हणली असती तर मी सही केली असती. मला तरी कुठं कळत व्हतं."

त्यांनी पान्यासाठी हात पुढं केला, मी पाना दिला.