नाक वाजलेली कॅसेट

टेपचं तांबडं बटण दाबलं की अप्पा माइकवर दोनदा फुंकायचे आणि म्हणायचे, "बोला गड्यांनो. आदी हारलेल्याचं ऐकू." जिंकलेला पेपरात येतोच, असं त्यांचं म्हणणं.

कराडजवळच्या साखर कारखान्यात ते स्टोअरकीपर आणि मी टायपिस्ट. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. दर शनिवारी स्टोअरमध्ये क्रिकेट, कुस्ती आणि सिनेमावर गप्पा व्हायच्या. त्या ते टेप करायचे आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये लावायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याच्याशिवाय भाकरी गोड लागत नाही.

एकदा त्यांनी मला सिनेमावर बोलायला बोलावलं. बायकांतून पहिली. मी जरीची साडी नेसून, पावडर लावून गेले. कॅसेटमध्ये साडी दिसत नाही, एवढी अक्कल तेव्हा कुठली? नायिका मरते तो प्रसंग सांगताना मला रडू फुटलं आणि मी पदरात नाक शिंकरलं. तेही दणक्यात.

"आवं बाई, तेवढं कापतो की. शब्द हाय माजा."

सोमवारी कँटीनमध्ये माझं नाक वाजलं. एकदा नव्हे; गप्पांत जितक्या विकेटी पडल्या तितक्यांदा. जोडून घेतलं होतं. पुढं महिनाभर मी दिसले की वजनकाट्यावरची माणसंसुद्धा नाकाला रुमाल लावायची.

मी हसले. बाई हसली म्हणजे विसरली, असं कुणी समजू नये.

त्यांची एक लाडकी कॅसेट होती. जत्रेतल्या कुस्तीचं वर्णन, त्यांच्याच आवाजात. कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन दात त्यांनी मोडले होते. "आमच्या ह्यांना ऐकायचीय," म्हणून मी ती मागून नेली. मोडक्या जागी कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा टेप करता येतं. मी डाळीचा कुकर लावला आणि टेप शेगडीशेजारी ठेवला.

सोमवारी सगळे कान देऊन बसले. पैलवानानं पट काढला, समोरच्याला हवेत उचललं, आणि शिट्टी. मग दुसरी. कुस्ती राहिली, डाळ शिजली.

तेही हसले. मग कॅसेट काढून उगीचच सदऱ्याला पुसली आणि माझ्या टेबलाशी आले. "लय भारी, बाई. हारलो." नाकवाली कॅसेट त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "ही एकच हाय. जाळा न्हाईतर ठेवा."

जाळणारच होते. पण राग शिळा होऊ नये म्हणून अधूनमधून ऐकायला ठेवली.

दशक सरायच्या आत ते गेले. महिन्याभरानं त्यांची मुलगी दारात. "काकू, अप्पांचा आवाज हाय का कुठं? घरातल्या समद्या कॅसेटींवर आईनं भजनं भरली."

मी कॅसेट लावली. दोन फुंकरा. "आदी हारलेल्याचं ऐकू." मागोमाग मी, गळा काढून. पोरगी रडता रडता हसायला लागली.

"काकू, तुमचं नाक तेवढं पुसू का?"

माफ मी अजूनही केलेलं नाही. पण कॅसेट तिच्या हातात देण्याआधी सुरीच्या टोकानं पाठीवरचे दोन्ही दात मोडले. आणि कागदाच्या बोळ्याचं तिला सांगितलं नाही.