दाखल्यावरची माझी सही

कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या कारखान्याला जाणाऱ्या गाडीच्या मागून स्कूटर चालवली, की घरी पोचेपर्यंत अंगावर कापूस चढलेला असतो. तो कधी चिकटला ते आपल्याला कळत नाही, घरचे एकेक पुंजका उचलून दाखवतात तेव्हा कळतं. किस्स्यांचंही तसंच असावं. देवळीकडच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि किस्से गोळा करतोय असं मला एकदाही वाटलं नाही. निवृत्त होऊन सिंदी मेघेत घरी बसलो, चार मित्र चहाला यायला लागले, तेव्हा त्यांनी ते माझ्या अंगावरून वेचून काढले.

सगळे किस्से एकाच कागदाभोवतीचे आहेत. चारित्र्याचा दाखला. ते सांगावेत की नाही हे माझं अजून पक्कं ठरलेलं नाही, पण मित्र म्हणतात की मी ठरवेपर्यंत ऐकणारे उरायचे नाहीत.

*

कॉलेजात एक वाटून दिलेलं काम असतं, जे कुणालाच नको असतं. आमच्याकडे ते दाखल्यांवर सही करायचं होतं. नोकरी, नर्सिंगचा प्रवेश, पोलीस भरती, काहीही असो, पोरांना हा कागद लागतोच. एके दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि शिक्का माझ्यासमोर ठेवला.

"सर, तुम्ही नीतिशास्त्रात पीएच.डी. आहात. तुमच्याइतका लायक माणूस कोण आहे इथे?"

मला बरं वाटलं. हेच वाक्य त्यांनी आधी भूगोलाच्या सरांना 'भूगोलात' म्हणून ऐकवलं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

शिक्का घेऊन ऑफिसात गेलो. हेडक्लार्क सुषमाताईंनी चाळीसएक दाखल्यांचा गठ्ठा पुढे केला. मी वरचा उचलून वाचू लागलो. 'सदर विद्यार्थ्यास मी व्यक्तिशः ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे त्याचे चारित्र्य चांगले आहे.'

सुषमाताई घाबरल्या. "सर, ते वाचू नका ना. नुसती सही करा."

पण वाचून झालं होतं. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. चाळिशीत सही करायला शिकले, वर्षभर पाटीवर गिरवत होते. पुढे कुठेही सही करायची वेळ आली की आधी कागद मला मोठ्यानं वाचायला लावायचे. शिवाय घरी रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. सकाळी सात वाजता ते म्हणायचं आणि अकरा वाजता चाळीस अनोळखी पोरांना व्यक्तिशः ओळखतो म्हणून लिहून द्यायचं, हे मला जमेना. आणि नाही लिहून दिलं तर त्या पोरांची नोकरी अडणार. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी या दोहोंच्या मध्ये बसलेलो होतो.

*

मी ठरवलं, आधी ओळख, मग सही. पहिलाच मुलगा आला, उंच, सोयाबीनच्या मळणीतून थेट उठून आल्यासारखा.

"मी तुला व्यक्तिशः ओळखतो का?" मी विचारलं.

"मी तुमच्याच वर्गात आहो सर. तीन वर्षांपासून."

"कुठे बसतोस?"

"बसत नाई सर. येतच नाई."

इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कमी वेळा मिळालं होतं. मी तिथल्या तिथे सही केली आणि त्याचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारासमोर सतरा जण उभे होते. प्रत्येकानं छाती पुढे काढून सांगितलं, "सर, मी वर्गात येत नाई." त्यातले नऊ जण रोज येणारे होते.

*

तोंडी परीक्षेचा हा निकाल पाहून मी लेखीकडे वळलो. दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. सातवा प्रश्न मला फार आवडला होता. 'आपल्या हातून घडलेली एक चूक प्रामाणिकपणे लिहा.'

उत्तरं आली. पहिल्यानं शेजाऱ्याच्या वावरातली संत्री चोरून खाल्ली होती आणि नंतर त्याला पश्चात्ताप झाला होता. दुसऱ्यानंही संत्रीच खाल्ली होती. दहाव्या पोरापर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्धा जिल्ह्यात त्या शेजाऱ्याच्या झाडावर एकही संत्रं उरलं नसणार.

शिपाई मारोतभाऊंना विचारलं, हा काय प्रकार आहे? मारोतभाऊ माझ्यानंतर दोन वर्षांनी कॉलेजात लागले. दाखले माझ्याकडे आणणं आणि सही झाली की नेऊन देणं हे त्यांचं काम.

"ग्रुपवर फिरून राह्यलं सर ते," ते म्हणाले. "पश्चात्तापासकट."

*

एका मुलीनं मात्र सातव्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'चूक आठवत नाही. आईला विचारून उद्या सांगते.'

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच आली. केळझरजवळच्या खेड्यातून दोन बस बदलून. खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घ्या सर, लिवून घ्या."

मी लिहू लागलो. सकाळी उठत नाही. उठली तर मोबाईल पाहते. भाजीत मीठ टाकत नाही, टाकलं तर दोनदा टाकते. आजीला उलटून बोलते. देव्हाऱ्यापुढचा पेढा खाऊन मांजराचं नाव सांगते, आणि घरी मांजर नाही. दोन पानं भरली. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती, पण हसत होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता सर्टिफिकेट चांगलंच देजा बरं सर. पोरगी भल्ली गुणाची आहे माही."

मी विचारलं, मग हे सगळं कशासाठी सांगितलं?

"तुमीच तं इचारलं," आई म्हणाली. "मले वाटलं, कॉलेजात बी कोणाले तरी माईत असाव."

*

इतरांना विचारतो ते प्रश्न आपण स्वतः सोडवले आहेत का, अशी शंका मला एका रविवारी आली. दुपारी प्रश्नावली घेऊन बसलो. सातव्या प्रश्नावर दोन तास गेले. शेवटी बायकोला हाक मारली. तिचं नाव रेखा. प्राथमिक शाळेत शिकवायची, उत्तरपत्रिका झपाट्यानं तपासायची तिला सवय होती.

"माझ्यात काय काय दोष आहेत?" मी विचारलं.

तिनं तांदूळ निवडता निवडता विचार केला. "दोष पुष्कळ आहेत हो. पण एकही पुरा केला नाही तुम्ही. मधातच घाबरून जाता."

मी ते लिहून ठेवलं. ही स्तुती होती का, ते मात्र विचारलं नाही.

*

एकदा पोलीस स्टेशनातून एक हवालदार आले. आमचा एक जुना विद्यार्थी सरकारी नोकरीत लागणार होता, त्याची चौकशी होती.

"सर, ह्या पोराचं चारित्र्य कसं आहे?"

"तुम्हाला कोणत्या अर्थानं हवंय?" मी विचारलं. "हेतू चांगला आणि कृती वाईट असू शकते. उलटही असू शकतं."

त्यांनी डायरी काढली. मी बोलत गेलो. मधे चहा आला. मधे लाईट गेली आणि आली. पाऊण तासानं मी थांबलो तेव्हा डायरीच्या पानावर तारीख आणि माझं नाव एवढंच होतं.

"म्हणजे सर," हवालदार फार अदबीनं म्हणाले, "मी 'चांगले' लिहू, का 'माहिती नाही' लिहू?"

"दोन्ही लिहा," मी म्हणालो.

ते उठले, टोपी घातली, आणि दारातून मारोतभाऊंना विचारलं, "का हो भाऊ, पोट्टा बरा आहे का?"

"बरा आहे."

त्यांनी लिहिलं आणि गेले.

*

यानंतर एक गोष्ट अशी घडली की मला वाटलं, आपल्या पद्धतीला यश येतंय. ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांचे दाखले मी टेबलाच्या डाव्या कप्प्यात ठेवायचो. विचार करून दोन दिवसांनी बघू म्हणायचो. दोन दिवसांचे आठ व्हायचे. पण पूर्वी ज्यांचे दाखले अडायचे ती मुलं रडत-भांडत परत यायची, ती आता येईनाशी झाली. कप्पाही हलका वाटू लागला. मी समजलो, प्रश्न विचारल्यावर मुलं आत डोकावतात आणि आपणहून अर्ज मागे घेतात.

मूल्यशिक्षण सप्ताहात एका शाळेत माझं भाषण होतं, तिथे मी हे सांगितलं. "तरुण पिढीला नावं ठेवू नका," मी म्हणालो. "आरसा दाखवा. ती स्वतःच थांबते." टाळ्या झाल्या. प्रोजेक्टर लावायला सोबत मारोतभाऊ आले होते. त्यांना असा ठसका लागला की मुख्याध्यापकांनी त्यांना पाणी देऊन बाहेर बसवलं.

*

आता शेवटचा. हा मित्रांना अजून सांगितलेला नाही.

मी निवृत्त झालो, तीन वर्षांनी मारोतभाऊही झाले. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते आमच्या घरी आले. हातात कागद होता.

"सर, वर्धेत पोरींचं होस्टेल आहे, तिथं रखवालदार पाह्यजे. घरी बसून करमत नाई, बायको म्हणते, दिवसभर माह्या मागं मागं फिरता. सोमवारी बोलावलं आहे. पण दहा वर्षांपासून ओळखणाऱ्या प्रोफेसरचा चारित्र्याचा दाखला पाह्यजे म्हणतात. त्याच्याबिगर गेटच्या आत घेत नाई."

मला काय आनंद झाला ते कसं सांगू? एकतीस वर्षांत हा पहिला कागद होता, ज्यावरचा प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता. ज्या माणसाला मी जवळजवळ तीस वर्षं रोज पाहिलं, त्याच्या दाखल्यासाठी प्रश्नावली कशाला? मी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा सर," मारोतभाऊ म्हणाले. "पयले आयकून घ्या. मंग करा."

रेखा पाणी घेऊन आली होती, ती तिथेच बसली.

"एका पोरीचा नर्सिंगच्या अॅडमिशनचा शेवटचा दिवस होता. कागद तुमच्या कप्प्यात. तुमी बीपीनं घरी. पोरगी पायरीवर बसून रडून राह्यली. मंग मी कप्पा उघडला, शिक्का मारला अन् तुमची सही करून देली."

मला वाटलं, एकदाच. आणीबाणी होती. मी तसं म्हणणारही होतो.

"मंग दुसरा आला," मारोतभाऊ म्हणाले. "त्याची भरती होती. मंग तिसरा."

"किती जणांना दिली, मारोतभाऊ?"

"मोजले नाई सर. तुमी ज्यायले ज्यायले थांबवलं, त्या समद्यायले."

पंखा फिरत होता. मी माझी वर्षं मनातल्या मनात उलटून बघत होतो. ती आत डोकावलेली मुलं. ते भाषण.

"सुषमाताईंना माहीत होतं?"

"त्याच तं कागद पुसून पुढं करत," ते म्हणाले. "सर, तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमी खोटं लिवत नव्हते, हे बराबरच होतं तुमचं. अन् पोट्टे बी अडले नाई पाह्यजेत. दोनी कामं एका मानसाच्यानं होत नाई. अन् आता माह्या दाखल्यावर खोटं लिवू नका. नाई म्हणलं तरी चालते. म्हनूनच पयले सांगतलं."

मी टोपण पुन्हा लावलं. रेखाकडे पाहिलं. ती उठून चहा टाकायला गेली आणि जाताना तिनं कागद माझ्याजवळ सरकवला.

'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.' हे वाक्य दहा मिनिटांपूर्वी होतं त्यापेक्षा आता नक्कीच जास्त खरं होतं. पुढच्या वाक्यावर मी अडलो. 'त्याचे चारित्र्य चांगले आहे.' चहा आला, संपला. मारोतभाऊंनी एकदाही घाई केली नाही. तीस वर्षं त्यांनी माझी वाट पाहिली होती, त्यांना सवय होती.

मग मी सही केली.

मारोतभाऊंनी कागद उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर, हे चालत नाई."

"का? आता काय राहिलं?"

"होस्टेलच्या रेक्टर मॅडम आपल्याच कॉलेजच्या होय. तुमच्या कप्प्यात पडल्या होत्या दोन हप्ते. त्यायच्या फायलीत त्यायचा दाखला आहे, तुमच्या सहीचा. त्या ताडून पाहतीन सर." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि सहीवर बोट ठेवलं. "हे तुमचं काही जुळत नाई."

रेखानं आतून, माझ्या कॉलेजच्या जुन्या कागदांतून, एक कोरा दाखला आणून टेबलावर ठेवला.

मी पेन मारोतभाऊंच्या हातात दिलं.