कपाळावरची जांभळी रेघ

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस उंचीला कधी भ्याला नव्हता. खाली वीस मजल्यांचा काळोख आ वासून बसलेला असताना हा लिफ्टच्या टपावर उभा राहून शीळ घालत दोर तपासायचा. सोबतचे कारागीर त्याला वाघोबा म्हणत. वय अठ्ठावीस, लग्नाला नुकतं वर्ष झालेलं.

एका मोठ्या कचेरीत लिफ्टचं दार मधेच अडकत होतं. दुरुस्ती झाल्यावर दार आधी कसं अडकत होतं ते पाहावं म्हणून तो दारावरच्या पहारेकरी काकांकडे गेला. काकांनी लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं चित्र मागे नेऊन दाखवलं. पडद्यावर एक माणूस हेल्मेट काढून गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या टाळूवर केसांतून कातडी चकाकत होती.

"हे कोण आजोबा शिरले मधेच?" वाघोबानं विचारलं.

"आजोबा कुठले? तुम्हीच की हो!"

वाघोबानं वाकून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रोज हेल्मेटमध्ये केस निघायचे, पण तो हेल्मेटलाच शिव्या घालून मोकळा होत असे. कपाळाचे कोपरे वर सरकलेले आरशात दिसायचे, तर तो भांग बदलायचा. टाळू मात्र त्यानं कधी पाहिलीच नव्हती. स्वतःची टाळू कोण पाहतो?

त्या दिवसापासून त्याची झोपच उडाली. केस विंचरायची भीती, धुवायची भीती, पंख्याखाली बसायची भीती. जेवतानाही डोक्यावर टोपी. बायको सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिनं दोनदा विचारलं, तेव्हा "सर्दी झालीय" म्हणून त्यानं वेळ मारून नेली. आणि एका दुपारी, कुणाला न सांगता, तो मोबाइलवरच्या जाहिरातीतल्या केशरोपणाच्या क्लिनिकात जाऊन बसला.

तिथं सगळं काचेचं आणि गुळगुळीत. पांढरा कोट घातलेल्या एका हसऱ्या तरुणानं त्याला खुर्चीत बसवलं आणि विचारपूस न करताच जांभळ्या पेननं कपाळावर रेघ ओढली. "सर, ही तुमची नवी हेअरलाइन. आजच ठरवा. नाहीतर दोन वर्षांनी इथं क्रिकेट खेळता येईल."

शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी पालथा झोपला होता, डोक्यामागं लालभडक ठिपकेच ठिपके. वाघोबानं मान वळवून त्या तरुणाकडे पाहिलं.

"तुम्ही... डॉक्टर ना?"

"आमची टीम आहे ना, सर!"

जे काही केस उरले होते तेही उभे राहिले. गाडीची किल्ली गाडीलाच राहिली, एवढं पुटपुटून तो उठला तो थेट रस्त्यावर. हेल्मेट घालून घरी पोचला आणि दारात सवयीनं काढलं.

बायको बघतच राहिली. "कपाळावर नकाशा कसला काढून आलास?"

त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. शेवटी सगळं सांगितलं, अगदी लहानपणापासूनचं. त्याच्या बाबांना तिशीतच टक्कल पडलं होतं. शाळेत बाईंनी विचारलं, "आज आजोबा आले का न्यायला?" बाबा हसून म्हणाले, "हो, आजोबाच." पण त्यांचे लाल झालेले कान त्यानं पाहिले होते.

"लोक तुलाही विचारतील, हे तुझे वडील का म्हणून," तो म्हणाला.

"विचारू देत. सांगीन, वडील नाहीत, नवरा आहे, फक्त अक्कल थोडी कमी आहे." तेलाच्या बोळ्यानं ती त्याच्या कपाळावरची रेघ पुसत होती. "उद्या खऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते."

त्वचेच्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी भिंगातून टाळू पाहिली, केस हलके ओढून पाहिले, ताप, आजार, वडील, सगळं विचारलं.

"हे आनुवंशिक आहे. जिवाला धोका नाही. आणि रोपणाची आत्ताच घाई नको. आजूबाजूचे केस गळतच राहिले तर लावलेले बेटासारखे उरतील. एक औषध टाळूला लावायचं असतं. एक गोळी असते. आणि काहीच करायचं नाही, हाही रस्ताच आहे."

"गोळीनं काय होतं?" बायकोनं विचारलं.

"बहुतेकांना काही होत नाही. थोड्यांची इच्छा कमी होते, अंथरुणात अडचण येते, मन उदास होतं. बंद केल्यावर बहुधा जातं, पण काहींनी त्रास नंतरही राहिल्याचं सांगितलंय. लपवून मी औषध देत नाही."

वाघोबानं बायकोकडे पाहिलं. दोघांचा मुलाचा विचार चालला होता. केस राखायला जावं आणि संसारच हातचा जावा, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"लावायचं औषध द्या," तो म्हणाला.

"देते. पण सुरुवातीला केस जास्त गळू शकतात, तेव्हा घाबरू नका. महिनोन् महिने वाट पाहावी लागेल. आणि बंद केलंत, तर कमावलेलं हळूहळू जाईल."

तो मान डोलवत राहिला. पण कानांनी ऐकलेलं काळजात उतरतंच असं नाही. काही आठवड्यांनी कामावर हेल्मेट काढलं, तर आत केसांचा पुंजका. हातात पाना, पायांखाली लिफ्टचा टप, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला खालचा काळोख दिसला.

तो जपून खाली उतरला आणि टोळीच्या म्होरक्याला, उस्तादला, म्हणाला, "उस्ताद, आज मला वर पाठवू नका. मी घाबरलोय."

कारण ऐकून उस्ताद हसेल, अशी त्याची खात्री होती. उस्तादनं फक्त त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "बस इथं. घाबरलेल्या माणसाला मी वर पाठवत नाही, कारण काही का असेना. डॉक्टरला फोन लाव."

"गळणं अपेक्षितच होतं," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. "चक्कर, छातीत धडधड?"

"धडधडतंय. पण भीतीनंच असेल."

"ते मी ठरवीन. या औषधानंही धडधडू शकतं. आत्ताच या."

रक्तदाब नीट होता, नाडीही हळूहळू ताळ्यावर आली. औषध चालू ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टपावर चढला, शीळ मात्र बरेच दिवस फुटली नाही.

अर्ध्या वर्षानं टाळूवरचं टक्कल होतं तिथंच थांबलं होतं, वर थोडी लव आली होती. कपाळाचे कोपरे मात्र आणखी मागे गेले. गोळीबद्दल डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आत्ता नाही. मूल होऊ दे, मग बघू." जाहिरात दिसली की अजून त्याचा अंगठा थबकतो. अंघोळीनंतर मोरीच्या जाळीकडे पाहताना काळीज अजून हलतं. पण आता तो टोपी घालत नाही, सर्दीही सांगत नाही. बाहेर येऊन सरळ म्हणतो, "आज पुन्हा भीती वाटली."

बायको मशीनवरून मान वर न करता म्हणते, "आधी चहा घे. निवांत बसून घाबर."