माझ्या विरोधाची नोंद

नवरा गेल्यावर कंपनीच्या बोर्डावरची त्याची जागा मला मिळाली. मिळाली म्हणजे काय, रिकामी बरी दिसेना म्हणून बसवलं. डोंबिवली एमआयडीसीत आमचा रबरी वॉशरचा कारखाना. थोरले दीर अध्यक्ष, त्यांचा मुलगा संचालक आणि तिसरी मी. मीटिंग भाऊजींच्या जेवणाच्या टेबलावर व्हायची. बापलेकांचं सगळं आधीच गाडीत ठरलेलं असायचं. मी चहा प्यायचे, सही करायचे आणि जाऊबाईंशी दोन गोष्टी बोलून घरी यायचे.

मग एका परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली, की संचालकांनी कंपनीच्या कारभाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं हवं. भाऊजी म्हणाले, "तू जा. तुला वेळ असतो."

त्याच सुमाराला कारखाना बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. मशीन गुजरातला, जागा बिल्डरला. पॅकिंगच्या बायकांमधली एक, विठ्ठलवाडीची, माझ्या नवऱ्याने कामावर घेतलेली. तिने मला गेटपाशी गाठलं.

"वहिनी, या वयात आम्हाला दुसरीकडे कोण घेणार? तुम्ही तर आत बसता ना मीटिंगला. सांगा की साहेबांना."

"बोलते मी," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

प्रशिक्षण ठाण्याच्या एका हॉटेलात होतं. एसी इतका गार की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले. आजूबाजूचे सूटवाले संचालक टेबलाखाली मोबाइल बघत होते, त्यांना सर्टिफिकेट आणि जेवण एवढ्याशीच मतलब. शिकवणारे सर मात्र तळमळीने बोलत. म्हणाले, "ताई, संचालक मालकाचा माणूस नसतो. तो कंपनीचा असतो, आणि कंपनी म्हणजे तिथे राबणारी माणसंसुद्धा." हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं!

शेवटच्या दिवशी खोटी मीटिंग भरवली. सर अध्यक्ष झाले आणि एक कारखाना बंद करायचा प्रस्ताव मांडला. मी उभी राहिले. आधी आवाज कापला, मग सुटलेच. कामगारांचं काय, दुसरा पर्याय तपासला का, एवढी घाई कशासाठी. सर म्हणाले, "मुद्दे बिनतोड आहेत. प्रस्ताव मागे घेतो." मोबाइलवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोंबिवलीला पोचेपर्यंत मी मनात तेच पुन्हा पुन्हा बोलत होते. खरं सांगते, मला वाटलं होतं कारखाना वाचेल.

मीटिंगच्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरात भजी तळत होत्या. लग्न होऊन आल्यापासून मी भाऊजींच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, त्यांच्यासमोर मोठ्याने हसलेही नव्हते. भाऊजींनी कारखाना बंद करायचा प्रस्ताव वाचला. मी म्हटलं, "भाऊजी, मला हे मान्य नाही."

स्वयंपाकघरातली झाऱ्याची खुडबुड थांबली.

मी सगळं बोलले, ठाण्यात बोलले त्याहून चांगलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलाला म्हणाले, "काकूचा विरोध नीट लिहून घे. एकही मुद्दा गाळू नकोस."

"काकू, मस्त बोललात हां," पुतण्या लिहिता लिहिता म्हणाला.

मग मत घेतलं. ते दोघं एका बाजूला, मी एका बाजूला. प्रस्ताव मंजूर झाला आणि भजी आली.

पुढे गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली, तेव्हा भाऊजींनी तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला. ती माणसं खूश झाली. इथे वेगळं मत मोकळेपणाने मांडता येतं, ते लिहूनही ठेवतात, असा कारभार लहान कंपन्यांत बघायला मिळत नाही म्हणाली. नवी ऑर्डर आमच्या गुजरातच्या नव्या कारखान्याला मिळाली. मी गप्प बसले असते तर निदान भाऊजींच्या हाती हा कागद तरी लागला नसता. त्या दिवशी मला भाऊजींपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पॅकिंगच्या बायका डबे, चपला, भिंतीवरचा देवाचा फोटो पिशव्यांत भरत होत्या. विठ्ठलवाडीची ती जवळ आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"वहिनी, बोलला होतात ना तुम्ही?"

"बोलले गं."

"मग ऐकलं नाही का त्यांनी?"

"ऐकलं," मी म्हटलं. "सगळं ऐकलं."