तीनदा सुटली

लहानपणी आमच्या घरात शपथेला फार वजन होतं. ज्याच्या नावानं शपथ घेतली आणि मोडली, तो माणूस मरतो, हे आम्हा बहीणभावांना पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्याला उठसूठ शपथ घालायची. "तुले माझी शपथ, माझ्या कंपासले हात लावशील तर!" आणि तो बिचारा हात मागं घ्यायचा. यातून सुटायचा एकच मार्ग होता. जिनं शपथ घातली तिनं 'सुटली' म्हणायचं, तेही तीनदा. एकदा म्हटलेलं चालत नसे. तो माझ्या मागं मागं फिरायचा, "सुटली म्हण ना वं ताई, तीनदा म्हण." मी मुद्दाम दोनदाच म्हणायची. त्यानं हापशीवरून दोन बादल्या आणून टाकल्या की मग तिसरी. अशी होते मी, आणि अजून फार सुधारले आहे असं नाही.

लग्न होऊन मी लोणारला आले. स्टँडच्या बाजूला आमचं वह्या-पेनांचं दुकान आहे. भाऊ माहेरी, बीबीलाच राहिला, मिरची-टमाटे लावतो. तीन वर्षांपूर्वी टेम्पोत मिरचीची पोती भरताना तो खाली पडला आणि त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. अकराव्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, त्या गोळीनं मले नवं करून सोडलं. पण इथला मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देऊन नाई राह्यला. तुझी ओळख हाय नं तिथं?"

होती ना ओळख! आमच्यापासून तिसरंच दुकान मेडिकलचं. मी मागितल्यावर नाही कोण म्हणणार? पाकीट घेतलं, पेपरात गुंडाळलं आणि बीबीकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. शाळेचा दाखला, लोणच्याची बरणी, विसरलेला चष्मा, आमच्याकडं सगळं असंच जातं, आणि तिकडं स्टँडवर आपलं माणूस घ्यायला उभं असतं. त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! भावाची पाठ जशी काही मीच सरळ केली होती.

महिन्याला एक पाकीट जायचं, ते आठवड्याला एक झालं. मग दोन. एकदा मी विचारलं, "काऊन बे, इतक्या? खाऊन राह्यला का पेरून राह्यला?"

तो हसला. "घरात सगळ्यायचीच पाठ दुखते, ताई."

मीही हसले. इथं मला खरं लिहिलं पाहिजे. मला तेव्हाच कळलं होतं. सगळं नाही, पण पुढचं पाकीट पाठवू नये इतकं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशीची गाडी मी चुकवली नाही. 'तू नसती तं माझं काय झालं असतं ताई' हे त्याच्या तोंडून ऐकायची मलाच चटक लागली होती.

मागच्या उन्हाळ्यात भावजयीचा फोन आला. फवारणीच्या पंपात तिला रिकामी पाकिटं सापडली होती. "गोळी नाई भेटली का नाक गळते त्यायचं, घाम फुटते, जांभया देत बसतेत. लेकरायवर धावतेत. तुम्ही या बरं ताई." मी मिळेल त्या गाडीनं निघाले. त्याला काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत गेले. स्वतःला बोलायचं एकही वाक्य जुळवलं नाही.

तो ओट्यावर बसला होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. त्याचा हात धरला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि वरून दाबला. "म्हण! ताईची शपथ, आजपासून गोळीले हात लावणार नाई."

तो हात ओढायला लागला. "असं नको करू वं ताई. दोन थोबाडीत मार पाह्यजे तर. शपथ नको."

"म्हण बे!"

तो म्हणाला.

पुढचे चार दिवस त्यानं जे भोगलं ते मी खाटेशेजारी बसून पाहिलं. पाय खाटेवर आपटायचा. जुलाब थांबत नव्हते, अंगावर काटा, डोळ्यांना धार. भावजय म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी म्हणाले, "विष निघून राह्यलं, निघू दे." पाचव्या दिवशी तो उठला, आंघोळ केली, भाकर खाल्ली. मी लोणारला परतले आणि शेजारणींना ऐटीत सांगितलं की एका शपथेत सोडवलं मी त्याला. वा गं शहाणी!

कशाचं सोडवलं? महिनाभरात त्यानं दुसरीकडून गोळ्या मिळवल्या. फरक एवढाच की आता तो कुणाला सांगू शकत नव्हता. आधी निदान हसण्यावारी तरी न्यायचा.

दिवाळीनंतर तो शेताच्या बांधावर पडलेला सापडला. ओठ निळे पडलेले, श्वास कुठं लागतोय कुठं नाही. भावजयीनं शेजाऱ्याच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, मीही तिथं पोचले. इलाज झाला, त्यानं डोळे उघडले. सिस्टरनं विचारलं, "हे काही गोळ्या वगैरे घेतात का?" भावजय तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "नाई हो सिस्टर. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवेल हाय. आणि मी जिती हाय ना?"

सिस्टरनं हातातला कागद बाजूला ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ते गोळ्यांनीच होतं. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग आहे, दारूच्या सवयीसारखं गोळ्यांच्या सवयीवरही औषध तिथं देतात. घेऊन जा." तिनं चिठ्ठी लिहून दिली.

"माझा भाऊ येडा नाई," मी म्हणाले, आणि ती चिठ्ठी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये वह्यांच्या कव्हरांखाली टाकून दिली. दोन महिने ती तिथं पडून होती. तिकडं भाऊ मरणाच्या दारातून परत आला होता आणि इकडं मी अब्रू सांभाळत बसले होते. या दोन महिन्यांची मला अजून लाज वाटते.

शेवटी भावजयीनंच धीर केला. सरकारच्या व्यसनमुक्तीच्या फुकट फोनवर तिनं एकटीनं विचारलं. तिकडच्या बाईनं सांगितलेलं तिनं पोराच्या वहीत लिहून ठेवलं होतं, ते मला फोनवर वाचून दाखवलं. हा आजार आहे. गोळी एकदम बंद करायला लावू नका. कोंडून ठेवू नका. शपथा घालू नका. डॉक्टरकडं न्या. 'शपथा घालू नका' हे तिनं दोनदा वाचलं. मी फोन ठेवला आणि ड्रॉवर उपसला.

तिघं मेहकर, चिखली करत बुलढाण्याला गेलो. केसपेपर काढला, बाकावर बसलो. तो सारख्या जांभया देत होता, पाय थांबत नव्हता, स्वेटरची बाही नाकाला लावलेली.

"रोज किती गोळ्या लागतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकबी नाई. सोडल्या मी."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "दादा, खरा आकडा कळला तरच औषध नीट बेतता येईल. चुकीचं दिलं तर जिवाला धोका आहे."

भावजयीनं मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो डॉक्टरबाईंकडं बघतच नव्हता. माझ्या डोक्याकडं बघत होता. मी त्याचा हात जिथं दाबून धरला होता तिथं.

अरे देवा. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि आठ महिने प्रत्येक गोळी गिळताना त्याला वाटत होतं की ताई मरणार. तोंडानं कबूल केलं तर नक्कीच मरणार. म्हणून बांधावर जीव जाता जाता वाचला तरी तो बोलला नव्हता. माझा जीव वाचवत होता तो, आणि मी मनातल्या मनात त्याला खोटारडा म्हणत होते.

"सुटली," मी म्हणाले.

"काय सुटली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

भाऊ पुढं सरकला. "तीनदा म्हण, ताई."

"सुटली. सुटली." मी नाक पुसायला थांबले. तो घाबरून बघायला लागला, मी दोनवरच थांबते की काय म्हणून. "सुटली रे बाबा."

मग त्यानं आकडा सांगितला. भावजयीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधानं हे आटोक्यात येतं, वेळ लागेल, दर आठवड्याला यावं लागेल, औषधाच्या गोळ्या वहिनींच्या हाती राहतील. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "सुरुवातीला या गोळ्या मिळायच्या कुठून?"

"इकडून तिकडून," तो झटकन म्हणाला आणि खिडकीकडं बघायला लागला.

त्याला आता कुणाचीच शपथ नव्हती. तरी माझं नाव त्यानं घेतलं नाही.

"मी पाठवायची," मी म्हणाले. "पेपरात गुंडाळून, एसटीनं."

डॉक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं.